चार दहा ते चार एकवीस

वही घाईत उलटी उघडली गेली, आणि शाल्मलीच्या सकाळच्या दुधाची वेळ लिहायला टेकवलेलं माझं पेन तसंच थांबलं. मागच्या बाजूच्या मजकुराखाली लाल शाईत लिहिलं होतं : पाहिले. त्याखाली 'र' आणि तारीख. कालची. अक्षर सुरेख, किंचित उजवीकडे झुकलेलं. छत्तीस वर्षं मराठीच्या वह्या तपासलेला हात आहे तो, माझ्या सासूबाईंचा, रमाताईंचा, आणि मला खात्री आहे की आपण काय केलं हे त्या हाताला कळलंही नसेल. आई किराण्याची यादी वाचतात आणि खाली बरोबरची खूण करतात. लग्नपत्रिका आली की वाचून कोपऱ्यात सही. एकदा स्वानंदच्या रक्ताच्या रिपोर्टवर त्यांनी 'पाहिले' लिहून ठेवलं होतं आणि डॉक्टरांनी विचारलं, हे आधी कुणाला दाखवलंत? तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता मी पलंगाच्या कडेला बसून त्या तीन अक्षरांकडे बघत होते. पलीकडे पाळण्यात शाल्मली स्वतःची मूठ चोखत होती. स्वयंपाकघरातून आईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता, रोजच्यासारखाच. म्हणजे त्यांनी काल हे वाचलं, काल रात्री माझ्या पानात भाकरी वाढली, 'अजून घे, अंगावर पितेय ती' म्हणाल्या, आज सकाळी नळ आल्यावर मला हाक मारली, आणि काहीही बोलल्या नाहीत.

ही वही खरं तर दवाखान्यामुळे सुरू झाली. अकोल्याला, माहेरी, शाल्मली झाली तेव्हा तिचं वजन कमी होतं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध किती वाजता, शू किती वेळा, झोप किती, एवढं लिहून ठेवत जा. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केलंय, दोन वर्षं कंत्राटावर कॉलेजात प्रॅक्टिकलं घेतली आहेत. मला एवढं सांगणं म्हणजे पुरेच होतं. पट्टीनं रकाने आखले. वेळ, निरीक्षण, शेरा. वजन सव्वा महिन्यात भरून निघालं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता लिहिलं नाही तरी चालेल, पण माझं लिहिणं काही थांबलं नाही. 'सकाळी ६.२० : उजवीकडून, ९ मिनिटं. ६.५० : उचकी. ७.०५ : डावा कान लाल? ७.१५ : कान पूर्ववत.' लिहिलेलं असलं की ते घडून गेलेलं असतं. लिहिलेलं नसलं की ते अजून कुठेतरी फिरत असतं, दाराबाहेर, पायात चप्पल घालून. अडीच महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन अमरावतीला सासरी आले आणि कधीतरी दुपारी ती मांडीवर झोपलेली असताना, हात मोकळा आणि पाय मुंगावलेले असताना, मी वही उलटी केली आणि मागून लिहायला लागले. तिथे रकाने नव्हते. तिथे मी आया लिहिल्या. माझ्या मनातल्या, कुठेच नसलेल्या बायका.

पहिली माणिकबाई. वलगावची, झेंडूचं वावर असलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलांचा तोडा चाललाय, आणि ती आपलं तान्हं सावलीला फुलांवरच निजवते, मऊ म्हणून. बायका टोपल्या आणून रिकाम्या करतात. दोन ढिगांचे चार होतात, चाराचे सात. उन्हं उतरल्यावर माणिकबाई वळून बघते आणि तिला आठवत नाही, कोणता ढीग. ती ओरडत नाही. ओरडली तर सगळ्यांना कळेल की आईला ठाऊक नाही. ती खाली बसते आणि ओंजळीओंजळीनं फुलं बाजूला करत राहते, हळू, जणू निवडतेय. तिथे मी थांबले. दुसरी जमुना, अंजनगाव सुर्जीच्या बाजारात केळी विकणारी. हिला लेकराला जोजवायची इतकी सवय झालेली, की लेकरू चालायला लागलं तरी ही उभ्या उभ्या डुलते. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई, आधी तू थांब, मग तुझा काटा थांबंल. एके दिवशी तिच्या लक्षात येतं की आपण खांद्यावर केळीचा घड घेऊन त्याची पाठ थोपटतोय, आणि लेकरू कुठंय. तिथेही मी थांबले. माझ्या सगळ्या आया अशा मध्येच थांबतात. पुढे काय झालं ते लिहायला गेलं की पेन जड होतं, आणि तेवढ्यात शाल्मली उठते, आणि मला बरं वाटतं.

तिसरी दामिनी. आईंची लाल शाई दामिनीखाली होती. माणिकबाईखाली नाही, जमुनाखाली नाही. दामिनी अमरावतीत राहते. तिच्या घराला पुढे एक दार आहे आणि मागे, मोरीच्या बाजूला, गल्लीत उघडणारं एक. तिच्या मुलीला पाळण्यात डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे. तिचा नवरा रोज बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला बँकेत जातो. नावाशिवाय मी काहीच बदललं नव्हतं. लपवायची अक्कल मला नव्हती की इच्छा नव्हती, कोण जाणे. दामिनीची सासू मंगळवारी दुपारी भजनाला जाते. मुलगी दोन तास रडते आणि मग एकदम झोपते, नळ बंद करावा तशी. घरात इतकं शांत होतं की दामिनीला फ्रिजचा आवाज ऐकू येतो. ती उठते. चप्पल घालते. दार ओढून घेते. कोपऱ्यापर्यंत जाते. तिथे ऑटो उभा असतो. दामिनी विचारते, अकोल्याची गाडी लागली असेल का हो स्टँडवर? ऑटोवाला म्हणतो, पाच मिनिटात लागते, बसा ना ताई. आणि दामिनी बसते. राजापेठ मागे पडतं. वारा तोंडावर येतो. तिला हात रिकामे वाटतात आणि ते चांगलं वाटतं. एवढंच. त्याखाली, पाहिले.

मी बसले नव्हते. हे कुणाला सांगणार? एक पाय आत टाकला होता, उजवा, आणि ऑटोच्या त्या रबरी चटईवर मला पायातली चप्पल दिसली, विजोड. एक माझी, एक आईंची जुनी. तेवढ्यावरून मी पाय काढला. लेकराच्या आठवणीनं नाही, दूध दाटलं म्हणून नाही, चप्पल चुकली म्हणून. ऑटोवाला म्हणाला, "काहून ताई, काही राह्यलं का?" मी म्हटलं, "हो." घरी आले, घड्याळ बघितलं. चार एकवीस. निघाले तेव्हा चार दहा. मी निघतानाही घड्याळ बघितलं होतं, म्हणजे मला माहीत होतं मी निघतेय. शाल्मली झोपलेली होती, उजव्या कुशीवर. मी तिला डाव्या कुशीवर ठेवून गेले होते. मी तिच्या नाकाशी बोट धरलं, श्वास लागला, मग मी खाली जमिनीवर बसले आणि वही घेतली, आणि पुढच्या बाजूला, शेरा या रकान्यात लिहिलं : 'कूस बदलली!' उद्गारचिन्हासकट. संध्याकाळी स्वानंदला सांगितलं, आज ती स्वतःहून वळली. त्यानं घरच्या ग्रुपवर टाकलं. चौदा अंगठे, तीन मोदक, अकोल्याहून माझ्या आईचा आवाज, 'गुणाची गं माझी.' आणि मी हसत होते. पण त्या रात्रीपासून दोन नोंदींमधली ती रिकामी जागा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती वळली तेव्हा जागी झाली होती का? जागी होऊन तिनं बघितलं का की कुणी नाही? रडली का? किती वेळ? अकरा मिनिटं कुणी रडलं तर गळा बसतो का, आणि रडून कुणी थकून झोपलं तर ते झोपणं झोपलेलं दिसतं का? मी तिच्या गालावर वाळलेल्या पाण्याची खूण शोधली होती. पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या, पण त्या तर नेहमीच असतात.

"चारुता, सांबार निवडून देतेस का गं?" आईंनी हाक मारली.

मी वही गादीखाली घातली आणि गेले. आज श्रावणातला शुक्रवार. आईंनी सकाळीच देवघराजवळ जिवतीचा कागद चिकटवला होता, त्याला कापसाची माळ, पुढे वाटीत फुटाणे. संध्याकाळी लेकरांना ओवाळायचं. यंदा पहिल्यांदाच मी, माझ्या लेकराला. मी कोथिंबीर निवडता निवडता त्या कागदाकडे बघत राहिले. चित्रातल्या बायकांच्या मांडीवर, कडेवर, पायाशी, पाळण्यात, मुलंच मुलं. मी मोजली. मग लक्षात आलं की त्यातली एकही आई लेकराकडे बघत नाहीये. सगळ्या समोर बघतायत, आपल्याकडे. आईंची पाठ माझ्याकडे होती. फोडणीत मोहरी पडली. मला वाटलं, आता बोलतील. मोहरी तडतडून झाली की बोलतील. त्या म्हणाल्या, "काड्या फार ठेवू नको."

"आई, रविवारी किती वाजताची गाडी तुमची?"

"बघू."

बघू. आठ दिवसांपासून सकाळी दहाची म्हणून ठरलं होतं. अकोल्याला आईंच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सोमवारी. आई पंधरा दिवस तिथे राहणार होत्या. आणि सोमवारपासून, स्वानंद सकाळी आठला बडनेऱ्याकडे निघाला की संध्याकाळी सातपर्यंत घरात मी आणि शाल्मली, दोघीच. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा. मालीशवाल्या चतुराबाईचा एक तास सोडला तर कुणी नाही. सगळे म्हणत होते, जमेल तुला. मी पण म्हणत होते, जमेल. त्यांची छोटी बॅग बुधवारपासून भरून हॉलमध्ये उभी होती, वर छत्री खोचलेली. मी निवडलेला सांबार घेऊन उठले तेव्हा हॉलकडे नजर गेली. बॅग नव्हती. छत्री खुंटीला लटकत होती. मी पाण्याचं निमित्त करून त्यांच्या खोलीत डोकावले. छोटी बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली होती, तोंड उघडं, एखाद्या जांभई देणाऱ्या माणसासारखी.

म्हणजे निर्णय झाला होता. मला न विचारता, न रागावता, न ओरडता. त्या शाळेत अशाच होत्या म्हणे. मुलाला वर्गात कधी बोलल्या नाहीत, थेट पालकांना चिठ्ठी. चिठ्ठी कुणाला गेली असेल? स्वानंदला? काल रात्री तो माझ्याशी नीट बोलला होता का? त्यानं विचारलं होतं, 'झोप झाली का?' हा प्रश्न रोजचा की कालचा? मला एकदम माझी आई आठवली, अकोल्याच्या आमच्या घरातली, मी बाळंतीण असताना खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसणारी. 'काही नाही गं, वारा येतो इथे.' तिथे वारा येत नव्हता. तिनेही बघितलं होतं का माझ्यात काही, तेव्हाच? मी फोन लावला. ती पूजेच्या गडबडीत होती. "हो, हो, बोल. अगं, संध्याकाळी तुझ्या नावानं पूर्वेकडे अक्षता टाकीन मी. लेकरं गावाला असली की तिकडे टाकायच्या. तू काय, अमरावतीला असली काय नि अमेरिकेला असली काय." मी म्हटलं, "आई, तुला रमाताईंचा फोन आला होता का?" ती एक क्षण थांबली. मी तो क्षण मोजला. "आला होता की. काल. असंच, बहिणीच्या ऑपरेशनचं. काहून?" माझी आई खोटं बोलते तेव्हा तिचा आवाज गोड होतो. तो गोड झाला होता.

शाल्मलीला दुपटं हवं होतं म्हणून मी तिचा खण उघडला. झबली नव्हती. टोपडी नव्हती. तळाशी एक लंगोट आणि वेखंडाचा तुकडा. मी खालचा खण उघडला, वरचा उघडला, जणू कपडे स्वतःहून चालत कुठे जाऊन बसले असतील. मग मी पुन्हा आईंच्या खोलीत गेले, या वेळी निमित्ताशिवाय. पलंगापलीकडे, भिंतीच्या बाजूला, मोठी निळी सुटकेस उघडी होती. एका बाजूला त्यांच्या साड्या, गोळ्यांचा डबा. दुसऱ्या बाजूला शाल्मलीची झबली, घडी करून, आकारानं लावलेली, त्यावर तिचा खुळखुळा. माझं त्यात काही नव्हतं. मी दोनदा बघितलं. रुमालसुद्धा नाही.

त्या तिला घेऊन चालल्या होत्या. अकोल्याला, माझ्याशिवाय, आणि माझी आई त्यात सामील होती, आणि स्वानंद, आणि चौदा अंगठे. मला आरडाओरडा करायला हवा होता. पण मी माणिकबाईसारखी तिथे खाली बसले आणि झबली एकेक करून उचलायला लागले, हळू, आवाज न करता. चार उचलली आणि मग मला वाटलं, उचलून नेऊ कुठे? खणात ठेवली तर त्या पुन्हा भरतील. आणि त्याहून वाईट, एक गोष्ट पुढे आली, जिच्याकडे मी साडेचार महिने बघितलं नव्हतं. सोमवारचं मला भय होतं. सोमवारी आठ वाजता दार लागेल, फ्रिजचा आवाज येईल, आणि माझ्या चपला दाराशी असतील. कुणी शाल्मलीला माझ्यापासून नेईल याचं भय मोठं, की कुणीच नेणार नाही याचं? मी ती चार झबली मांडीवर घेऊन बसले होते आणि मला ठरवता येत नव्हतं.

"कोनी हाये का घरात?" मागच्या दारातून चतुराबाई आल्या. साठीच्या, काटक, कपाळभर कुंकू. त्या येतात तेव्हा अर्ध्या गल्लीला कळतं. "मास्तरीनबाई, पोट्टी कुठी हाये माही? पानी तापलं का?"

मोरीपाशी रोजची मांडामांड झाली. चतुराबाई पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब केले, आणि शाल्मलीला पायांच्या नळ्यांवर पालथी घातली. तेलाचा वास उठला, ओवा-लसूण घालून कढवलेलं त्यांचं तेल, जे त्या आपल्या शिशीतूनच आणतात, दुसऱ्याचं वापरत नाहीत. मी समोर बसले आणि रोजच्यासारखी त्यांच्या अंगठ्यांवर लक्ष ठेवायला लागले. मणक्यावर जोर नको. आई पाण्याची बादली घेऊन आल्या आणि घंगाळात ओतू लागल्या. मी म्हटलं, "आई, शाल्मलीचे कपडे तुमच्या सुटकेसमध्ये आहेत."

"हो."

"का?"

"अकोल्याला लागतील म्हणून."

"ती माझी मुलगी आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?" त्यांनी कोपर बुडवून पाणी बघितलं. "जरा कढत आहे."

"तुम्ही माझी वही वाचलीत."

चतुराबाईचे हात चालूच होते. आई बादली खाली ठेवून उंबऱ्यावर टेकल्या. त्यांचा चेहरा मला पहिल्यांदा थकलेला दिसला. वाटलं, ही बाई काल रात्रभर झोपली नाहीये. "उघडी होती टेबलावर," त्या म्हणाल्या. "दूध कधी प्यायली ते बघायला गेले, उलटी बाजू हाती आली. वाचायला नको होती. वाचली." मग, वर्गात विचारावं तशा सरळ आवाजात, "ती दामिनी परत येते का?"

मला म्हणता आलं असतं, ती गोष्ट आहे. त्यांनी ते मान्यही केलं असतं, निदान वरून. मी शाल्मलीच्या तेलकट पाठीकडे बघत म्हटलं, "येते."

"किती वेळानं?"

"अकरा मिनिटांनी."

"आणि लेकरू? रडलं का?"

"मला माहीत नाही, आई. तेच मला माहीत नाही. मी सगळं लिहिते, आणि तेवढंच मला माहीत नाही."

"नाई रडली," चतुराबाई म्हणाल्या.

त्यांनी शाल्मलीला उताणी केली, छातीवर तेलाचं बोट फिरवलं, आणि वर न बघता बोलत राहिल्या. "मंगळवारची गोष्ट न? सकाळी शिशी राह्यली होती माही, खिडकीत. थे न्याले आली मी मांगून. पाह्यतो तं घरात कोनी नाई, आन् ही महारानी पाळण्यात डोळे उघडे टाकून पडली. मले पाहून हासली. मी घेतली, जराशी इकडून तिकडं केली. पुढची खिडकी लोटून पाह्यलं तं तू कोपऱ्यावर, ऑटोपाशी. एक पाय आत, एक बाहीर, तशीच लय वेळ उभी."

मी हात पुढे करून शाल्मलीचं पाऊल धरलं. आई उंबऱ्यावरून तिच्याकडे बघत होत्या.

"हाक मारली नाही तुम्ही," मी म्हटलं.

"काहून मारू? हाकेनं आलेली बाई मंग जलमभर म्हनते, मले वापस बलावलं. आपल्या पायानं आली तं आली. हिचा डोळा लागला, तू दारापाशी आली तशी मी हिले टाकलं पाळण्यात, या कुशीवर का त्या कुशीवर थे काई पाह्यलं नाई, शिशी घेतली आन् मांगच्या दारानं गेली. तुले लाज नको वाटाले म्हून."

तेल. ती पाळण्यात होती तेव्हा तिच्या अंगाला तेलाचा वास येत असणार, ओव्याचा, लसणाचा, दुपारी चार एकवीसला, आणि मी नाकाशी बोट धरून श्वास मोजत होते. शिशी खिडकीतून गेली तेही मी लिहिलं नव्हतं. आणि ती वळलीच नव्हती.

"आन् रडून नको राहू," चतुराबाई मला म्हणाल्या, मी रडतेय हे मला कळायच्या आधी. "मी तं यष्टीच्या थांब्यावर जाऊन उभी राह्यली होती. वावरात बोरीले झोळी बांधेल, झोळीत चंदन, दोन महिन्याचा. मी फाट्यावर. कुठची यष्टी, कुठी जाची, काई मालूम नाई, फकस्त जाची. घंटाभर उभी. यष्टी लेट होती, बावा. येतच नाई! मंग उन्हाचा ताप झाला, निरा पाय भाजले, वापस आली. म्हून आज थो नांदगाव पेठेच्या कंपनीत ड्युटीले जाते, आन् मले माय म्हनते. यष्टी टायमावर असती तं?" आणि त्या हसल्या, तोंडातला एक दात नसलेलं हसू, आणि शाल्मलीच्या पोटावर थाप मारली. "पुसा त्या यष्टीवाल्याले!"

आई हसल्या नाहीत. त्या उठल्या, पाण्यात पुन्हा कोपर घातलं, गार पाण्याचा तांब्या ओतला. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मी पंधरा दिवस तिकडे जाऊन बहिणीचा गुडघा बघू, की इकडचं घड्याळ बघू? तुझ्या आईशी बोलले काल. तू माहेरी राहा, मी दवाखान्यात. पाच मिनिटांवर आहे. छोट्या बॅगेत लेकराचं मावेना म्हणून मोठी काढली."

"माझं काहीच नाही त्यात."

"तुझं मी कसं भरणार? काय घालतेस, काय नाही, मला काय माहीत. तुझं तू भर." जरा थांबून, "रात्री सांगणारच होते. कसं सांगावं ते सुचत नव्हतं."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. चतुराबाईचे हातसुद्धा थांबले. "माझा माझ्यावर तरी कुठे होता? स्वानंद लहान असताना माझ्या सासूबाईंना तीन वर्षं सहन केलं मी ह्या घरात. का केलं असेल? माझा काय जीव होता त्यांच्यावर?"

मला विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? सकाळी म्हटलं असतं, जा तुम्ही, जमेल मला. आता ते शब्द तोंडात आले नाहीत. मी म्हटलं, "मला एकटीला ठेवू नका." फार हळू म्हटलं. घंगाळातल्या पाण्याच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, रोज टाकतात तसा, "धर, ओली येईल आता."

संध्याकाळी मी शाल्मलीला ओवाळलं. ती निरांजनाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिच्या डोक्यावर अक्षता टाकताना मला वाटलं, या वेळी अकोल्याला माझी आई गच्चीत उभी राहून पूर्वेकडे तांदूळ टाकत असेल, आणि ते नव्वद किलोमीटरच्या वाटेतच कुठेतरी पडत असतील, मूर्तिजापूरच्या पलीकडे, एखाद्या एस्टीच्या टपावर. स्वानंद सातच्या गाडीनं आला, फुटाणे खाता खाता म्हणाला, "वळली का आज परत?" आईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "ती अजून वळत नाही. माझी चूक झाली लिहिताना." तो म्हणाला, "असू दे, वळेल." एवढंच. त्याला पुढचं सांगावं लागेल. अकोल्याला सांगेन, किंवा गाडीत, कोण जाणे.

साडी, दोन गाऊन, चार रुमाल मी निळ्या सुटकेसमध्ये घातले. मग वही घेतली, सुलट्या बाजूनं. मंगळवारच्या पानावर 'कूस बदलली!' वर रेघ मारली. त्याच्या अलीकडची रिकामी जागा पट्टीनं दोन ओळींत आखली. चतुराबाईंना जाताना मी एक विचारलं होतं, तुम्ही आत आलात तेव्हा मी कुठवर पोचले होते? त्या म्हणाल्या होत्या, अवं, मी का घड्याळ घालून येतो? पण खिडकीतून पाह्यलं तवा तू कोपऱ्यावर पोचेल होती, ऑटोवाल्याशी बोलून राह्यली होती. कोपऱ्यापर्यंत माझ्या चालीनं दोन मिनिटं लागतात. संध्याकाळी फुलं आणायच्या निमित्तानं मी चालून बघितलं. आधी खालच्या ओळीत मी लिहिलं : ४.१२ ते ४.२१, चतुराबाईंजवळ, जागी, मग झोपली, रडली नाही. मग वरच्या ओळीत, जी मी मुद्दाम मोकळी सोडली होती : ४.१० ते ४.१२, माहीत नाही.

शेरा या रकान्यात काही लिहिलं नाही. वही उघडीच टेबलावर ठेवली, आईंच्या लाल पेनाशेजारी.